लानचे कान

"छेद ही नहीं! तो डूल पहनेगी किधर, नाक में?"

गूमानं लानच्या कानाची पाळी चिमटीत धरली, खिडकीकडे वळवली, मागून पाहिली, पुढून पाहिली आणि सोडून दिली. मंडईत बायका भेंडीचं टोक मोडून बघतात आणि परत टोपलीत टाकतात, तशी. टेबलावर लाल मखमलीची डबी उघडी होती. आत सोन्याच्या बारीक आकड्यांना जेडचे दोन हिरवे थेंब लोंबत होते. लानच्या होणाऱ्या सासूनं ते कलकत्त्याहून पाठवले होते.

"नाकातच घालीन की," लान मराठीत म्हणाली. "नथ म्हणून. मावशी, चालेल ना?"

माझी आई हसली. "चालेल. पण नथ एकच असते हं, लानू. दुसरी आमच्या उजूला दे."

त्यात माझं नाव आलेलं मला आवडलं नाही. आलं तेही उरलेल्या दुसऱ्यासाठी.

देवळाली कॅम्पात वू या चिनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. पुढे दवाखाना, मागे घर. आई तिथे मदतनीस होती. हत्यारं उकळायची, दातात भरायचा मसाला कालवायची, भेदरलेल्या जवानांची डोकी धरून ठेवायची. शाळा सुटली की मी तिथेच यायचे आणि बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून घरी पोचेपर्यंत मागच्या खोलीत अभ्यास करत बसायचे. लान डॉक्टरांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची आई ती अगदी लहान असतानाच गेली होती.

दुपारी पेशंट नसले की लान आईपुढे पाठ करून बसायची आणि आई तिची वेणी घालायची. भांग पाडायची, गुंता सोडवायची, मध्येच थांबून काहीतरी सांगायची, पुन्हा गुंता सोडवायची. माझी वेणी मी स्वतः घालत असे. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिचे हात संपलेले असायचे. त्यांना लवंगतेलाचा वास तेवढा उरलेला असायचा. आणि ते 'लानू'. मी उज्ज्वला, म्हणून उजू. हे नाव आईनं ठेवलेलं, आणि नावाला तसा ऊ जोडायचा तो फक्त माझ्या, असं मी धरून चालले होते.

गूमा म्हणजे आत्या. डॉक्टरांची ही थोरली बहीण लानचं लग्न जुळवून खास कलकत्त्याहून आली होती.

"बीस साल की लड़की, और कान कोरा," ती भावाला म्हणाली. आम्हालाही कळावं म्हणून ती मुद्दाम हिंदीत भांडत होती. "तू करता क्या था इतने साल?"

वू डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते हळू बोलत आणि त्यांचं मराठी पेशंटांकडून शिकलेलं होतं. "आमच्यात मानतात, शरीर आईबापानं दिलेलं. त्याला आपण भोक पाडू नये. फार जुन्या काळी चांगल्या घरच्या बायका कान टोचतच नव्हत्या. दागिना दोऱ्यानं कानावरून सोडायच्या. बाई चहाडी ऐकायला वाकली, की तो हलायचा. म्हणजे आठवण, की ऐकू नको. कान टोचायच्या त्या सरहद्दीपलीकडच्या बायका."

"और हमारी माँ? सरहद के उस पार की थी? दोनों कान में पहनती थी!"

"तिचे तिच्या आईनं टोचले होते. लानचे तिच्या आईनं टोचले असते तर गोष्ट वेगळी. जिनं दिलं तिनं टोचलं. मी कसं टोचू?"

"रोज लोगों का दाँत उखाड़ता है, तब शरीर किसने दिया?"

"ते किडलेले असतात," डॉक्टर म्हणाले.

आईनं पदर तोंडाला लावला. लान तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. गूमा एकटीच हसली नाही. तिनं डबी मिटली आणि सगळ्यांना गप्प करणारी गोष्ट सांगितली. महिन्याभरात वराकडची माणसं येणार. लान सासूला चहा देईल तेव्हा तिच्या कानांत हेच डूल असले पाहिजेत. नसले तर त्याचा अर्थ एकच, मुलीनं हे घर नाकारलं. चहा प्यायला न थांबता ती सासू परत जाईल, आणि गूमा तिला ओळखत होती.

"मग सोनाराकडे नेऊ," आई म्हणाली. "आमच्यात सोनारच टोचतो. बारशाच्या दिवशी."

"सुनार? मर्द?" गूमानं हात झटकला. "माँ छेदती है. माँ न हो तो भरे नसीब की औरत. पति ज़िंदा, बच्चे ज़िंदा."

"तूच टोच ना," लान म्हणाली.

"मैं विधवा. मेरा हाथ नहीं चलता."

आईनं हळूच मान हलवली. ते तिला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे ओटी भरायला कोण पुढे येतं आणि कोण मागे उभं राहतं, हे मलाही ठाऊक होतं. मग गूमा आईकडे बघायला लागली. कपाळावरचं कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र आणि शेवटी तिचे हात.

"लेकिन ऐसे ही नहीं," ती म्हणाली. "पहले माँ बनेगी. फिर सुई."

घरी गेल्यावर आईनं बाबांना सांगितलं. येत्या रविवारी लान तिला गुडघे टेकून चहा देणार, तिला गानमा म्हणणार. गानमा म्हणजे मानलेली आई. आईनं तिला वाडगं आणि चॉपस्टिक द्यायच्या, म्हणजे तिचं अन्न आईच्या घरचं झालं.

"वा," बाबा म्हणाले. "एवढी मोठी मुलगी, शी-शू काढायला नको, शाळेची फी नको. आणि लग्नाचा खर्चही दुसऱ्याचा. घेऊन टाक."

"तुम्हाला सगळ्याची थट्टा."

"आणि हिला विचारलंस का?" बाबांनी माझ्याकडे हनुवटी केली.

"तिला काय विचारायचं? तिचं काय कमी होणार आहे?" आई म्हणाली आणि कपाटातून इरकली खण काढायला गेली. तो खण माझ्यासाठी आणलेला होता. म्हणजे तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण मी तो कपाटात पाहिला होता आणि त्याचं पोलकं मनात शिवून, घालूनही झालं होतं. आईनं तो वाडग्यावर घडी करून ठेवला.

"माझे कान कुणी टोचले?" मी विचारलं.

"सोनारानं."

"मला मांडीवर कुणी धरलं होतं?"

"कुणीतरी धरलं असेल. आता आठवतंय का?" आई म्हणाली, आणि बाबा उठून बाहेर गेले.

रविवारी सकाळी गूमानं मागच्या खोलीतलं टेबल भिंतीला सारलं होतं. मधोमध खुर्ची, खुर्चीवर आई. तिनं अबोली रंगाचं पातळ नेसलं होतं आणि पायरीवर बसल्यासारखी अगदी कडेला बसली होती. स्टुलावर चहाचा पेला, सुई, लाल दोरा, तेलाची वाटी आणि बशीत सोयाबीनचे चार सुके दाणे. एक दाणा पुढून आणि एक मागून धरून पाळी चोळत राहायची, म्हणजे ती पातळ होते, बधिर होते, आणि सुई कळत नाही.

"माझ्याकडे बधिर करायचं इंजेक्शन आहे," डॉक्टर दारातून म्हणाले.

"दाँत की सुई कान में? बाहर बैठ."

डॉक्टर अंगणात जाऊन बसले. लान गुडघ्यांवर बसली. गूमानं पेला तिच्या हातात दिला, पण वर उचलू दिला नाही. आधी आईला विचारायचं होतं. हे प्रश्न विचारायचेच असतात, उत्तरं ठाऊक असली तरी. आपल्याकडे लग्नात गुरुजी विचारतात तसे.

"पति?"

"आहेत."

"सास-ससुर की सेवा किया?"

"केली."

"बच्चे कितने?"

"दोन," आई म्हणाली.

मी दाराजवळ होते. अजून चहासुद्धा प्यायला नव्हता, आणि तिनं लानला मोजूनही टाकलं होतं. इतक्या सहज. माझ्या शेजारी, माझ्याच बरोबरीनं.

"दोन कुठे?" मी म्हणाले. "मी एकटीच आहे. आईला एकच मुलगी आहे."

गूमानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "लड़की बोलती है एक."

आईचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. ती माझ्याकडे वळली नाही. "दोन झाल्या," ती म्हणाली. "पहिली राहिली नाही."

मला ते कळायला वेळ लागला. गूमाला लागला नाही. तिनं लानच्या हातातला पेला काढून घेतला आणि स्टुलावर ठेवला. रागानं नाही, दूध नासलेलं कळल्यावर पातेलं उतरवावं, तसा.

"मी सांगायला हवं होतं," आई म्हणाली. "तुम्ही विचारलं असतंत, सगळी जिवंत का, तर सांगणार होते. मी जाते."

ती उठायला लागली. तेव्हा लाननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गूमा, मेरी माँ गई," ती हिंदीत म्हणाली. "इनकी बेटी गई. तो बराबर हुआ ना?"

"ऐसा हिसाब नहीं होता."

"हुआ ना, बराबर?"

गूमा तिच्या भाषेत काहीतरी खूप बोलली. लान ऐकत होती, पण हात काढत नव्हती. शेवटी तिनंच स्टुलावरचा पेला उचलला, दोन्ही हातांनी, आणि डोकं खाली घालून तो आईपुढे धरला. "गानमा," ती म्हणाली.

आईनं चहा घेतला. तिच्या घशाखाली तो उतरताना मी पाहिला.

मग लाननं डोकं तिच्या मांडीवर टाकलं, एक कान वर करून. गूमानं नाक ओढलं आणि बशी पुढे सरकवली. आई लानची पाळी दोन दाण्यांमध्ये धरून चोळायला लागली. सावकाश. तिची बोटं मला पाठ होती. ती कणीक मळताना, वाती वळताना, हत्यारं पुसताना मी पाहिलेली होती. पण अशी कधी नव्हती. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. पाळी आधी गुलाबी झाली, मग लाल. मधूनच आई वाकायची, फुंकर घालायची. लाननं डोळे मिटले होते. तिला आई नव्हती, आईला ती पहिली मुलगी नव्हती, आणि दोघींचं ते नसणं डबीच्या झाकणासारखं एकमेकींवर नीट बसलं होतं. माझं काहीच गेलेलं नव्हतं. म्हणून त्या खोलीत मला जागा नव्हती.

गूमानं सुई दिव्यावर धरली तेव्हा मी तिथून निघाले. पुढे दवाखान्यात जाऊन पेशंटांच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. आतून कुणी ओरडेल म्हणून वाट पाहत होते. लाननं किंचाळावं, असं मला वाटत होतं. पण काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं गूमा आणि आई बोलताना ऐकू आल्या, छिद्रात काय घालायचं यावर. आई म्हणत होती कडुलिंबाची काडी, गूमा म्हणत होती चहाची.

"नीम कड़वा. चाय अच्छा."

चहाची काडी घातली.

आम्ही चालत घरी निघालो. लॅम रोडला झाडं होती, तरी ऊन लागत होतं. आई माझ्याहून दोन पावलं पुढे होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं एकदाचं."

"तिचं नाव काय होतं?"

लानबद्दल विचारत नाही, हे तिला कळलं. "नाव ठेवायचं होतं. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बारसं होतं. सोनारालाही त्याच दिवशी बोलावलं होतं, तिचे कान टोचायला. त्यानं सोन्याच्या तारा आधीच आणून दिल्या होत्या."

"मग त्या तारांचं काय केलं?"

आई चालत राहिली. एक टांगा मागून आला, पुढे गेला. "तुझ्या कानात घातल्या," ती म्हणाली.

मी माझी पाळी चाचपली. माझ्या कानांत पहिल्यांदा गेलं तेही माझ्यासाठी केलेलं नव्हतं.

"तुझे टोचले तेव्हा मी मोरीत होते," आई म्हणाली. "नळ सोडून उभी होते. तुझं रडणं मला ऐकवेना. तुझ्या आत्यानं धरलं तुला. फार रडलीस म्हणे."

"आणि लानचं ऐकवलं?"

"ती रडली नाही," आई म्हणाली.

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. लानचं लग्न झालं. जेडचे डूल घालून तिनं सासूला चहा दिला आणि सासूनं तो प्यायला. पुढे ती टोरोंटोला गेली. दर दिवाळीला आईला तिचा फोन यायचा आणि आई फोनवर 'लानू' म्हणायची. मी पलीकडच्या खोलीत असले तर रेडिओ लावायचे.

मी पुढे वाचनालयात नोकरी केली आणि कान टोचण्यावर मिळेल ते वाचलं. चीनवर राज्य केलेल्या मांचूंच्या बायका एका कानात तीन-तीन डूल घालत आणि सुना निवडताना तीन छिद्रं आहेत का ते पाहिलं जाई. एका राणीनं राजाला त्याची चूक दाखवायला स्वतःचे केसातले काटे आणि कानातले उतरवून ठेवले होते. मुलगा जगावा म्हणून त्याचा एक कान टोचत. भुताखेतांना तो मुलगी वाटावा आणि त्यांनी त्याला सोडून द्यावं. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते. आमच्याकडे तर मुलगीच गेली होती. पण खरं सांगायचं तर या सगळ्या पुस्तकांत मी एकच गोष्ट शोधत असे: कान टोचायचा हक्क कुणाचा. ते कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नाही.

आई गेल्या मार्गशीर्षात गेली. मी लानला कळवलं नाही. डॉक्टरांकडच्या कुणीतरी कळवलं असावं. तिचा फोन आला तेव्हा माझं सुतक केव्हाच फिटलं होतं. सासरी गेलेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस.

"उजू," ती म्हणाली. तिचं मराठी अजून देवळालीचंच होतं, फक्त हळू झालं होतं. "मी कानातले काढून ठेवलेत."

"का?"

"आई गेली की आमच्यात काढतात. सासूबाईंचे जेडचे पण डबीत ठेवले. हा सगळा हिवाळा काहीच घालणार नाही."

माझ्या कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. "आमच्यात आईसाठी काढत नाहीत," मी म्हणाले. "नवरा गेला तरच काढतात."

"मग आईसाठी मुलगी काय करते?"

तीन दिवस संपवून मी कामावर गेले होते. हिनं स्वतःला अख्खा हिवाळा घेतला होता, आणि तो घेण्याची रीतही हिच्याकडेच होती.

"काढ तू," मी म्हणाले. "तुझा हक्क आहे. तुझे कान तिनं टोचलेत."

लाननं फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर आली.

"तिनं नाही टोचले, उजू. तुला सांगितलं नाही तिनं?"

"काय?"

"चोळून चोळून कान बधिर झाला. गूमानं सुई हातात दिली. आणि गानमाचा हात हलेचना. सुई कानापर्यंत यायची आणि परत जायची. शेवटी गूमानं ती काढून घेतली आणि तिनंच टोचले. विधवेच्या हातानं! मग आम्हाला दोघींना शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. सासरी विचारलं तर गानमानं टोचले म्हणायचं. माझ्या नवऱ्यालाही अजून माहीत नाही."

इतकी वर्षं मी त्या सुईकडे बघत होते. ती आईच्या हातात नव्हतीच.

"मग आई काय करत होती?"

"मी तिच्या मांडीवरच होते ना. तिनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता. सुई दिसू नये म्हणून."

तो हात मला लगेच दिसला. लवंगतेलाचा, थोडा ओला. आणि सुई गेली तरी तो हात उरलाच, हेही लगेच लक्षात आलं.

"कुठला हात?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"डोळ्यांवर तिचा कुठला हात होता?"

लाननं आठवून पाहिलं. "डावा," ती म्हणाली. "बोटांच्या फटीतून मला दिसत होतं. उजवा तिनं स्वतःच्या कानावर दाबून धरला होता, दुसरा कान खांद्यात खुपसला होता. घट्ट. मला तिला सांगायचं होतं, गानमा, मी ओरडणार नाही. पण तिला ऐकू आलं नसतं."